फी आणि खर्च

महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, असे समीकरण मराठी व्यवहारभाषेत रूढ झालेले दिसते. ‘नादारी मिळाली’ एवढे म्हटले की प्रश्न मिटला. वस्तुतः फारसीतून आलेल्या ‘नादार’ या शब्दाचा अर्थ ‘ज्याच्यापाशी काही नाही असा’. आणि अशा विद्यार्थ्याची फी तेवढी माफ झाल्याने त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होत नाही.

जुन्या पिढ्यांना हे पुरते ठाऊक होते. पुण्यात शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी सात घरी वार लावून जेवत असे. ही सोय अर्थात् जातीने बांधलेली होती. इतरांनी काय करावे, याचे उत्तर शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारून दिले. शिक्षणाची खरी किंमत शाळेच्या नव्हे, खाणावळीच्या हिशेबात असते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा व शिका’ योजना याच जाणिवेतली.

आणखी एक खर्च मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. तो म्हणजे बुडालेली मजुरी. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेतील शिक्षणखर्चाची मांडणी करताना विद्यार्थ्याच्या सोडून दिलेल्या कमाईची रीतसर गणना केली. शेतकरी कुटुंबाला त्यासाठी शास्त्राची गरज नाही: मुलगा शहरात गेला की सुगीत एक गडी रोजाने लावावा लागतो.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांत संपूर्ण सवलत दिली. निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि त्यातील शब्द ‘शुल्क’ हाच आहे. वसतिगृहासाठी ‘निर्वाह भत्त्या’च्या योजना वेगळ्या आहेत (‘निर्वाह’ हा शब्द येथे अधिक प्रामाणिक म्हणावयाचा). पण भत्ता मंजूर होऊन हाती येईपर्यंत खोलीची अनामत, खाणावळीची आगाऊ रक्कम, एस.टी.चा पास यांचे पैसे घरातूनच द्यावे लागतात. प्रवेशाचे हे दिवस जून-जुलैचे, म्हणजे नेमके खरिपाच्या पेरणीचे. घरात असलेली तीच रक्कम बियाणे-खताकडे वळवावयाची की मुलीच्या खोलीकडे, याचा निर्णय त्या चार दिवसांत करावा लागतो. आणि फी माफ असूनही तो पुष्कळदा बियाण्याच्या बाजूने होतो.