तक्रार पोटाची, दुखणे नसांचे

पोर्तुगालमधील पोव्हुआ दे वार्झिम या कोळ्यांच्या गावात ‘पावलांचा आजार’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. डॉ. कोरिनो आंद्राद यांनी १९५२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हाच आनुवंशिक अमायलॉइडोसिस. नाव पावलांचे असले, तरी हाल पोटाचेही होतात.

यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन जनुकातील दोषामुळे अस्थिर होते आणि त्याचे तंतू नसांमध्ये साचतात. जठर-आतड्यांची हालचाल सांभाळणाऱ्या नसाही सुटत नाहीत. मग चार घासांतच पोट भरते, मळमळते. काही दिवस बद्धकोष्ठ, तर काही दिवस जुलाब. वजन उतरत जाते. रुग्ण मात्र आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतो, कारण एन्डोस्कोपीत वरवर सारे ठीक दिसू शकते! म्हणून पायांतील मुंग्या, उभे राहताच येणारी चक्कर आणि घरात कोणाला असा त्रास होता का, हे पोटाच्या डॉक्टरांनाही सांगावे. सदोष जनुक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अर्थात, तो असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही.

पूर्वी यकृत-प्रत्यारोपणावरच भिस्त होती. आता या प्रथिनाची निर्मिती रोखणारी औषधे आहेत. मात्र नसांची झालेली हानी ती सहसा पूर्ण भरून काढत नाहीत.