पावणेआठ किलोची सायकल : हिशोब आणि अनुभव

गणपतीच्या सुट्टीत मी घरी सायकल जोडली. नवी, कार्बनची, शर्यतीची. ही बातमी वाई तालुक्यात माझ्या आधी पोचली. पंचायत समितीच्या आवारात, चहाच्या गाड्यावर, शेतीशाळेत, जिथं जाईन तिथं एकच प्रश्न, "साहेब, केवढ्याला पडली?" सुरवातीला हसून वेळ मारून नेली. पण एका ऊस बागायतदाराने भर रस्त्यात अडवले. म्हणाला, "मागल्या साली मी मोठा ट्रॅक्टर घ्यायला निघालो, तवा तुम्हीच म्हणला, अडीच एकराला एवढा ट्रॅक्टर कशापायी? आधी उत्पन्नाचा मेळ घाला. आता तुमच्या सायकलीचं उत्पन्न काय, ते सांगा की!"

गडी खोटं बोलत नव्हता. दुसऱ्याला हिशोब मागणाऱ्याने आपलाही दाखवावा, म्हणून हे लिहीत आहे.

फ्रेम आणि पुढचा चिमटा १ लाख ४५ हजार. गिअर आणि ब्रेकचा संच १ लाख ३५ हजार. चाकांची जोडी ६५ हजार. हँडल, सीट, टायर, थोडी अवजारे असे 'किरकोळ' ३५ हजार. एकूण ३ लाख ८० हजार रुपये. एवढ्यात तीन चांगल्या दुभत्या म्हशी दावणीला उभ्या राहतात, हे मला कोणी सांगायला नको. पैसे सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे. हप्ते आले तसे बाजूला ठेवले, कर्ज काढले नाही. सौ.ने दोन वर्षे स्वयंपाकघराच्या फरशीचे नाव काढले नाही, म्हणजे तिचाही यात वाटा आहेच.

हे वेड कुठून आले म्हणाल तर घरातूनच. माझे वडील ग्रामसेवक होते. तीन गावांचा कारभार त्यांनी अ‍ॅटलास सायकलवर केला. कॅरेजला दप्तर, हँडलला पिशवी, पावसात वर इरलं. ती लोखंडी सायकल वीस किलोच्या आसपास भरायची. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. आमची अ‍ॅटलास मात्र अजून गोठ्यात उभी आहे. माझ्या नव्या सायकलीचे वजन भरले ७ किलो ७५० ग्रॅम. जागतिक सायकल संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. म्हणजे आपण फार मागे नाही.

कार्बन म्हणजे काय?

बऱ्याच जणांना वाटते, हे एक प्रकारचे प्लॅस्टिक. तसे नाही. आपण थंडीत घालतो त्या अ‍ॅक्रिलिक स्वेटरचा धागा ज्या कुळातला, त्याच कुळातला धागा आधी दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. आपल्याकडे कोळशाची भट्टी मातीने लिंपून घेतात, हवा लागली की राख होते, तोच न्याय. उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बनचा काळा धागा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याच्या पट्ट्या इपॉक्सी नावाच्या डिंकासारख्या रसायनात भिजवून साच्यात थरावर थर बसवतात आणि गरम करून पक्क्या करतात. हे थर बसवण्याचे काम अजूनही बरेचसे हातानेच होते.

यातली खरी गोम दिशेची आहे. धागा लांबीत ओढला तर पोलादाला हार जात नाही, पण आडवा दाबला तर कच्चा. म्हणून एक थर उभा, एक आडवा, एक तिरका असे घालतात. बाज विणताना सुंभ जसे दोन्ही अंगांनी ओढून घेतात, तसेच. जिथे पायाचा जोर येतो तिथे थर जास्त, जिथे नाही तिथे कमी. त्यामुळे अख्खी फ्रेम किलोभराची, पण पायडल मारताना तसूभर वाकत नाही.

आता याची दुसरी बाजू. लोखंडी फ्रेम वाकली तर लोहाराकडे नेऊन ठोकता येते, वेल्डिंग मारता येते. कार्बन वाकत नाही, तडकतो. दुरुस्ती होते, पण त्यातल्या माहितगाराकडेच, आणि तो आपल्या तालुक्यात नाही.

जोडणी

दुकानदार जोडून देत होता. मीच नको म्हटले. कृषी पदविकेला असताना यंत्रे व अवजारे हा विषय माझा आवडता होता, त्याची ही घमेंड. तीन दिवस लागले.

पहिला दिवस ब्रेकच्या नळ्या ओवण्यात गेला. या सायकलीत एकही नळी बाहेर दिसत नाही, सगळे फ्रेमच्या पोटातून. पायजम्यात नाडी ओवण्याचा प्रकार, फक्त पायजमा दीड लाखाचा. शेवटी आईने दोरा आणि लोहचुंबकाची युक्ती सुचवली, तेव्हा नळी बाहेर आली. चिमट्याची दांडी उंचीप्रमाणे कापावी लागते. कमी कापली तर पुन्हा कापता येते, जास्त कापली तर चिमटाच बाद. त्याची काळी धूळ छातीला वाईट, म्हणून पाणी मारत, नाकाला फडके बांधून कापायची. फवारणी करताना मास्क लावा म्हणून गावोगाव ओरडणारा मी, घरी सौ.ने आठवण केल्यावर फडके बांधले.

डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे कोणताही सायकलवाला सांगेल. या सायकलीत मधल्या बेअरिंगचा उजवा कप पण उलट्या आट्याचा आहे. जोर लावून सुलट फिरवला असता तर आटे गेले असते. ब्रेकला खनिज तेल लागते. मोटारसायकलचे ब्रेक ऑइल घातले तर आतली रबरे फुगून खराब होतात. तणनाशकाचा पंप न धुता त्यात कीटकनाशक भरण्यासारखेच ते. गिअर विजेवर चालतात. हँडलजवळच्या बटणात घड्याळासारखा छोटा सेल, आणि मुख्य बॅटरी सीटच्या नळीत. महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्जिंग केले की पुरते, लोडशेडिंगची भीती नाही.

सगळे जमत आले आणि सीटच्या दांडीवर मी माती खाल्ली.

लोखंडी सायकलीला आपण दांडीला ग्रीस लावून बसवतो. सवयीने इथेही लावले. पहिल्याच फेरीत दांडी घसरून खाली गेली. मी नट आवळला. पुन्हा घसरली, पुन्हा आवळला. चौथ्या वेळी 'टिक्' असा बारीक आवाज झाला. वरून काहीच दिसेना. मग रुपयाचे नाणे घेऊन दांडी वाजवून पाहिली. कुंभाराकडे मडके वाजवून घेतो तशी. वर खणखणीत, पकडीजवळ मात्र भद्द. उभी भेग गेली होती. नवी दांडी ११ हजार रुपयांची. वरच्या हिशोबात ही धरलेली नाही.

त्या नटाजवळ बारीक अक्षरात लिहिले होते, पाच न्यूटन मीटर. मी वाचले होते, पण हाताच्या अंदाजावर गेलो. एक न्यूटन मीटर म्हणजे काय हे सोप्या भाषेत असे : दहा सेंटिमीटर लांबीचा पाना आडवा धरून टोकाला एक किलोचे वजन टांगले, तर जेवढा पीळ बसतो तेवढा. पाच म्हणजे पाच किलो. मी किती लावला असेल देव जाणे. आणि कार्बनला ग्रीस लावायचेच नसते. त्यासाठी बारीक रेतीसारखी खरखरीत पेस्ट मिळते, तिने कमी आवळूनही पकड बसते. आता मापाचा पाना आणला आहे. ठरलेला पीळ बसला की तो 'कट्' असा आवाज देतो आणि आपण थांबायचे. एकराला औषध किती लागते ते टोपणाने नाही, मापाने घ्या, हे मी दहा वर्षे सांगतो आहे. शेतकरी अंदाजाने का ओततात, ते त्या दिवशी मला आतून कळले.

घाट आणि घेवडा

पहिली खरी परीक्षा पसरणीच्या घाटात. वाईहून पाचगणी बारा-एक किलोमीटर, चढ पावणेसहाशे मीटरच्या घरात. आधी माझ्याकडे चौदा किलोची साधी गिअरची सायकल होती, तिच्यावर सत्तर मिनिटे लागायची. नवीवर पासष्ट लागली. म्हणजे ३ लाख ८० हजारांत पाच मिनिटे! चढावर माणूस आणि सायकल मिळून जे वजन होते तेवढेच मोजले जाते. सहा किलो सायकलीचे कमी केले काय आणि पोटाचे कमी केले काय, घाटाला फरक कळत नाही. पोटाचे फुकटात झाले असते. ज्या बागायतदाराने उत्पन्न विचारले त्याला हाच आकडा सांगितला. तो खूष झाला.

पण खरे सांगायचे तर सायकलीचा गुण चढावर नाही, सपाटीवर आणि उतारावर कळतो. पायडल मारले की लगेच पुढे जाते, मधे कुठे जोर मुरत नाही. रस्त्याची बारीक खडखड हाताला कमी लागते. उतारावर डिस्क ब्रेक दोन बोटांत वेग कमी करतात. बारा वर्षे फटफटीवर फिरून कंबर गेली होती, ती रविवारच्या साठ किलोमीटरनंतर उलट मोकळी होते. याला उत्पन्न म्हणायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

अशा सायकली चालवणारे फक्त परदेशात आहेत असेही नाही. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करून आले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने पूर्ण केली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात चार टप्प्यांची ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला गावेच्या गावे उभी होती.

ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी घाट उतरून मी आडवाटेने एका गावाकडे वळलो. चाळीसच्या वेगात वळण घेतले आणि समोर सगळा रस्ता घेवड्याने भरलेला. वाहनांच्या चाकाखाली मळणी व्हावी म्हणून पसरलेला. वर दव. ब्रेक दाबला असता तर आडवाच झालो असतो. हँडल सरळ धरून तसाच आत घुसलो. पंधरा-वीस हातांवर वेल मागच्या गिअरात गुंडाळले आणि सायकल आपोआप थांबली. पडलो नाही एवढेच. कडेला सूप घेऊन बसलेल्या आजी उठल्या, आधी मला, मग सायकलीला पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, एवढा जोरात आलास, पर एक शेंग न्हाय फुटली तुज्या चाकानं!"

वेल काढायला त्यांनीच हात लावला. बोलता बोलता कळले, खळे आता राहिले नाही, तिथे पुतण्याने घर बांधले. मळणीयंत्र भाड्याने आणावे तर चार पायल्या घेवड्यासाठी कोण येतो? मी त्या गावात सहा वर्षे जातो, बियाणे, बीजप्रक्रिया, कीड यावर बोलतो; मळणी कुठे करता हे एकदाही विचारले नव्हते. एरवी जीपमधून जाताना आपण त्यावरून गाडी घालतो आणि वर पुण्य केल्यासारखे वाटते. परवा सरपंचांशी बोललो. शाळेमागच्या मोकळ्या जागेत ग्रामपंचायतीने सिमेंटचे सामाईक खळे करावे, असा विषय ग्रामसभेपुढे येणार आहे.

सरपंच-ग्रामसेवकांना आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण सायकलवर बसल्याशिवाय त्या मलाही दिसल्या नव्हत्या. वाळवणाभोवती लावलेले दगड माल उचलल्यावर तसेच राहतात. रात्री मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. दुसरे, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असावा, वर पांढरे पट्टे असावेत. आपल्याकडे हातभर रुंद आणि वीतभर उंच बांध घालतात. त्यावरून बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचे काय होत असेल? आता उसाचा हंगाम तोंडावर आहे. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर तो तेवढा लावून घ्यावा. पहाटेच्या अंधारात उभी ट्रॉली मला दोनदा अगदी शेवटच्या क्षणी दिसली आहे.

वडिलांनी सायकल एका हाताने उचलून पाहिली. दोनदा उचलली. मग चारी बाजूंनी फिरून विचारले, "कॅरेज कुठाय? दप्तर कुठं बांधायचं?" कॅरेज बसत नाही म्हटल्यावर काही न बोलता गोठ्यात गेले आणि अ‍ॅटलासच्या चाकात हवा भरू लागले.

नवी दांडी पाच न्यूटन मीटरवर बसवली आहे. सौ.च्या नेलपॉलिशने तिच्यावर खूण केली आहे, घसरली तर कळावी म्हणून. अजून हललेली नाही. येत्या रविवारी मेढ्याहून केळघर घाट चढायचा विचार आहे. वाटेत कुणाचा घेवडा पसरलेला असेल तर नुसता हात दाखवा, उतरून कडेने चालत जाईन.