ट्रॅक्टरचा रंग आणि आपला श्वास

गावाकडच्या जुन्या ट्रॅक्टरचे बॉनेट, मडगार्ड घरीच स्प्रेने रंगविण्याची हौस स्तुत्य आहे. पण रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. ग्रीसचा अंश राहिला, तरी पापुद्रे सुटतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा.

खरा धोका हार्डनरचा. दोन घटकांच्या पीयू रंगातील आयसोसायनेटचे फवारे श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क ते अडवीत नाही आणि वास आला नाही म्हणून हवा निर्धोक ठरत नाही. कारखान्यात त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. तो घरी कुठला? तेव्हा हार्डनरविना चालणारे सिंथेटिक एनॅमलच बरे. तेही मोकळ्या हवेत, कार्ट्रिजचा मास्क लावून, पातळ थरांत. वाळायला वेळ लागेल, चकाकीही थोडी उणी पडेल.