नितळ पाण्यातील विष

गाळणी धुतल्यानंतर काही दिवसांनी मत्स्यपेटीतील मासे नितळ पाण्यातही धापा टाकू लागले, तर दोष बहुधा त्या धुण्यातच असतो. माशांच्या कल्ल्यांवाटे पाण्यात विषारी अमोनिया उतरतो. गाळणीच्या स्पंजावरील सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मातीत चालणारी हीच द्विविध क्रिया सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०-९१ मध्ये उलगडून दाखविली. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जंतू मरतात. गाळणी स्वच्छ दिसते, परंतु निकामी होते. अशा वेळी खाद्य कमी करावे व चतुर्थांश पाणी बदलून क्लोरीनरहित पाणी घालावे. जंतूंची वाढ पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. पुढे स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावा.