नजरबंदी : डोळ्यांची की मनाची?

जत्रेतील गारुडी असो वा रंगमंचावरील जादूगार असो, त्याचा खेळ पाहून परतलेला मनुष्य म्हणतो, "त्याने नजरबंदी केली." ही बंदी नेमकी कशावर घातली जाते, ह्याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला, तेव्हा निराळेच उत्तर हाती आले.

१९०० साली नॉर्मन ट्रिपलेट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याने शाळकरी मुलांपुढे एक चेंडू वर फेकून झेलला. पुन्हा तसेच केले. त्यानंतर चेंडू गुपचूप मांडीवर सोडून देऊन त्याने फेकण्याचा नुसता आविर्भाव केला. चेंडू हवेत वर जाऊन अदृश्य झाला, असे जवळजवळ निम्म्या मुलांनी सांगितले. वर गेलाच नव्हता, तो चेंडू त्यांना दिसला होता!

२००६ साली इंग्लंडमधील गुस्ताव कून व मायकल लँड ह्यांनी त्याच धर्तीचा प्रयोग केला आणि प्रेक्षकांच्या दृष्टीचा यंत्राने माग घेतला. जादूगाराने फेकण्याच्या आविर्भावाबरोबर आपली नजरही वर नेली, तेव्हा शेकडा ६८ प्रेक्षकांना चेंडू वर गेल्याचा भास झाला. त्याने चेंडू लपवलेल्या हाताकडे पाहिले, तेव्हा हे प्रमाण शेकडा ३२ वर उतरले. नवल असे की, चेंडू जेथे नाहीसा झाल्याचे प्रेक्षक सांगत होते, त्या जागेकडे त्यांचे डोळे बहुधा वळलेच नव्हते. डोळे फसले नव्हते. फसले होते ते मन.

डोळ्यांनी आणलेल्या वार्तेचा अर्थ लावण्यास मेंदूला क्षणाचा काही अंश लागतो. तेवढ्यात मागे पडू नये म्हणून तो पुढच्या घटनेचा अदमास बांधून ठेवतो. ह्याच अदमासावर खेळाडू वेगाने येणारा चेंडू झेलतो आणि जादूगार आपले पोट भरतो.

अवधानाचीही मर्यादा आहे. १९९९ साली सायमन्स व शाब्री ह्यांनी प्रेक्षकांना एका चित्रफितीतील चेंडूच्या फेकी मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली व्यक्ती छाती बडवून गेली. सुमारे निम्म्यांना ती दिसली नाही. जादूगार विनोद करतो तो उगाच नव्हे. प्रेक्षक हसतात, अवधान सैल पडते आणि हात आपले काम उरकतो.

रंगमंचावर ही फसगत आनंद देते. पण मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्याला समोरून रस्ता ओलांडणारे मूल दिसेलच, असे नाही. न्यायालयातील प्रामाणिक साक्षीदारही न घडलेली गोष्ट शपथेवर सांगू शकतो. म्हणून "डोळ्यांनी पाहिले" एवढ्यावर भागत नाही; त्या क्षणी त्याचे लक्ष कोठे होते आणि काय घडेल अशी त्याची अपेक्षा होती, हेही विचारावे लागते.