घरगुती मेश वाय-फाय जाळ्यातील तारजोडणी व तिचे दोषनिवारण

घरगुती मेश वाय-फाय जाळ्यातील तारजोडणी म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले वाय-फाय नोड मुख्य नोडाशी इथरनेट केबलने जोडण्याची पद्धत होय. नोडांमधील या दुव्याला बॅकहॉल असे म्हणतात. बॅकहॉल बिनतारी असू शकतो किंवा तारेचा. तारेचा बॅकहॉल अधिक वेगवान व स्थिर असतो; मात्र त्यातील बिघाड बऱ्याचदा उघड दिसत नाही, आणि त्यामुळे दोष केबलमध्ये असताना सेवा पुरवठादार बदलला जातो किंवा विनाकारण आणखी एक नोड विकत घेतला जातो.

स्वरूप

मेश या शब्दाचा मूळ अर्थ जाळीचा डोळा असा आहे. सर्व नोड एकमेकांशी विणलेले असावेत ही त्यामागील कल्पना. बिनतारी मेश जाळ्यांसाठीचे ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती ग्राहकांसाठीचे मेश संच २०१६ च्या सुमारास ईरो, गुगल वायफाय इत्यादी नावांनी बाजारात आले. निरनिराळ्या उत्पादकांचे नोड एकत्र चालावेत म्हणून वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश हा कार्यक्रम जाहीर केला. व्यवहारात मात्र एका घरातील सर्व नोड एकाच उत्पादकाचे असणे अजूनही सोयीचे ठरते.

घरगुती संचात एक मुख्य नोड असतो. तो फायबर सेवेच्या ओएनयूला (ज्याला घरोघरी सर्रास मोडेमच म्हणतात) जोडलेला असतो. बाकीचे उपनोड त्याच्याकडून इंटरनेट घेऊन पुढे पसरवतात. उपनोड हे काम बिनतारी पद्धतीने करतो तेव्हा त्याच रेडिओवर त्याला एकदा ऐकावे व एकदा बोलावे लागते. परिणामी प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो. बॅकहॉलसाठी स्वतंत्र रेडिओ असलेल्या महागड्या संचांत ही घट कमी असते. पण भिंतींचा अडथळा त्यांनाही चुकत नाही.

राहुरी परिसरातील घरे व तारजोडणीची गरज

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुका या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. मुळा नदीकाठच्या या तालुक्यात घरांचे प्रकार एकमेकांहून फार भिन्न आहेत. जुन्या गावठाणांत काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती आणि मातीचे माळवद असलेली घरे अजून टिकून आहेत. त्यांच्या शेजारी सिमेंटच्या स्लॅबची दुमजली घरे उभी राहिली आहेत. मुळा धरणाच्या कालव्यांमुळे बागायत झालेल्या शिवारांत कुटुंबे वस्तीवर राहतात; तेथे राहते घर, गोठा, पत्र्याची शेड व विहिरीवरील खोली अशी बांधकामे सुटी सुटी असतात. दगडी भिंत ५ गिगाहर्ट्‌झचे तरंग मोठ्या प्रमाणात शोषून घेते, स्लॅबमधील लोखंडी जाळी त्यांना अडवते, आणि पत्रा तर त्यांना जवळजवळ पूर्णपणे परतवून लावतो. अशा ठिकाणी नोडांची संख्या वाढवण्यापेक्षा एक चांगली केबल टाकणे अधिक उपयोगी पडते.

या जोडणीवर आता बरेच काही अवलंबून असते. महाडीबीटी संकेतस्थळावरील शेतकरी योजनांचे अर्ज, सातबारा उताऱ्याची मागणी, स्पर्धा परीक्षांची नोंदणी ही कामे मुदतीची असतात. शेवटच्या दिवशी माडीवरच्या खोलीत कागदपत्रे संकेतस्थळावर चढत नाहीत, तेव्हा खालच्या खोलीतील मोडेमचा दिवा हिरवा असून उपयोग नसतो.

लपलेला बिघाड

बहुतेक मेश संच अशा रीतीने रचलेले असतात की तार तुटली तर उपनोड आपोआप बिनतारी दुव्यावर जातो. ही सोय आहे, पण तीच निदानातील मोठी अडचणही आहे. जाळे बंद पडत नाही, केवळ मंदावते. आणि घरातील लोकांना केबल निकामी झाल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही.

फोनवरील वाय-फायच्या रेघा याबाबत दिशाभूल करतात. त्या रेघा फोन व जवळचा नोड यांच्यातील संकेताचे बळ दाखवतात. तो नोड पुढे मुख्य नोडाशी कसा जोडला आहे, याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. म्हणून सर्व रेघा भरलेल्या असताना चित्रफीत अडकणे हे उपनोडाचा बॅकहॉल कमकुवत असल्याचे लक्षण मानले जाते.

खात्री करण्यासाठी उत्पादकाच्या ॲपमध्ये संबंधित नोडासमोर जोडणीचा प्रकार पाहावा. तेथे तारेऐवजी बिनतारी असे दिसत असेल तर केबल लावलेली असूनही वापरात नाही, असा अर्थ होतो. ॲपमध्ये ही माहिती नसल्यास उपनोडाजवळ उभे राहून वेग मोजावा, केबल काढावी, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. दोन्ही आकडे सारखेच आले तर केबलने काहीच काम केले नव्हते असे समजावे.

दोषाचे स्थान ठरवणे

ओएनयूपासून सुरुवात करून एकेक पायरी पुढे जाणे हा खात्रीचा मार्ग आहे. लॅपटॉप प्रथम छोट्या, निर्दोष केबलने मुख्य नोडाला जोडावा. येथेच वेग कमी मिळाला तर दोष मुख्य नोडात, ओएनयूत किंवा पुरवठादाराकडे आहे, आणि भिंतीतील केबल उकरण्याचे कारण नाही. येथे वेग ठीक असेल तर उपनोडाकडे जाणाऱ्या केबलचे दुसरे टोक उपनोडातून काढून तेच लॅपटॉपला लावावे. वेग घसरला तर दोष केबलमध्ये किंवा मधल्या स्विचमध्ये. न घसरला तर उपनोडात किंवा त्याच्या मांडणीत.

या तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट व अडॅप्टर एकदम बदलले तर जाळे चालू होईलही, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि सदोष वस्तू पुन्हा कपाटात जाऊन बसते.

केबल व तिची टोके

तारजोडणीतील बरेच बिघाड केबलच्या मध्यभागी नसून टोकांशी असतात. लॅन केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. १०० मेगाबिट वेगाला त्यांपैकी दोनच जोड्या पुरतात व त्या १, २, ३ आणि ६ क्रमांकांच्या पिनांवर असतात. १००० मेगाबिट, म्हणजे गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटली तर अनेक उपकरणे निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरतात. काहींची जोडणी मात्र सतत लागते व तुटते. ३०० मेगाबिटची सेवा घेतलेल्या घरात उपनोडावरचा वेग ९४-९५ च्या पुढे कधीच जात नसेल, तर हे लक्षण ओळखावे. लॅपटॉपच्या जाळे-माहितीत जोडणीचा वेग १००/१०० की १०००/१००० हेही दिसते. अर्थात स्वस्त श्रेणीतील काही नोडांचे, स्विचांचे व लॅपटॉपचे पोर्ट मुळातच १०० मेगाबिटचे असतात. केबलला दोष देण्यापूर्वी खोक्यावरील माहिती वाचलेली बरी.

आरजे-४५ प्लगमध्ये तारांचा क्रम टी५६८बी पद्धतीनुसार असा असतो: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घातली आहे, हे नवख्या माणसाला समजत नाही. तो सोयीसाठी नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतो. दोन्ही टोकांना क्रम सारखाच असल्याने आठ दिव्यांचा साधा टेस्टर १ ते ८ दिवे क्रमाने लावून केबल उत्तम असल्याचा निर्वाळा देतो. प्रत्यक्षात ३ व ६ या पिना एकाच पिळलेल्या जोडीच्या असाव्या लागतात. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो व ग्राहक उपकरण त्यांतील फरकच वाचत असल्याने तो वजा होतो. ३ व ६ वेगवेगळ्या जोड्यांतील असतील तर ही वजाबाकी होत नाही. उलट शेजारच्या जोडीतील संकेत त्यात मिसळतो. दोन-तीन मीटरची अशी केबल चालूनही जाते, पण वीस-तीस मीटरवर जोडणी अडखळू लागते. साध्या टेस्टरला विद्युतप्रवाह पोहोचतो की नाही एवढेच कळते. जोड्यांची फाळणी त्याला दिसत नाही. ती डोळ्यांनी, पारदर्शक प्लगमधून रंग पाहूनच पकडावी लागते.

दुसरा दोष धातूचा. बाजारात तांब्याच्या नावाने विकली जाणारी काही केबल आतून ॲल्युमिनियमची व वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. तिचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती ठिसूळ असते, प्लगमध्ये दाबताना किंवा वळणावर सहज तुटते, आणि कॅट-५ई वा कॅट-६ मानकांत ती बसत नाही. तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी रंग दिसतो. गुंडाळीचे वजन हाताला हलके लागणे हीदेखील एक खूण आहे. भिंतीत कायमची गाडायची केबल निवडताना येथे काटकसर करणे महागात पडते.

उन्हात टाकलेली घरगुती पीव्हीसी केबल काही वर्षांत तडकते, तिच्यात पावसाचे पाणी शिरते व प्लगच्या पिना हिरव्या पडतात. बाहेरच्या कामासाठी काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची केबल मिळते. माळवदाच्या व गोठ्याच्या घरांत उंदीर-घुशींचा उपद्रव गृहीत धरून केबल पाइपातून न्यावी; मात्र २३० व्होल्टच्या वीजवाहिनीच्याच पाइपातून ती नेऊ नये. तसे करणे धोक्याचे आहे.

जोडणीचा क्रम

केबल निर्दोष असूनही नोड तार ओळखत नसेल तर क्रम तपासावा. योग्य क्रम ओएनयू, मुख्य नोड, गरज असल्यास स्विच, त्यानंतर उपनोड असा आहे. उपनोडाची केबल मुख्य नोडाऐवजी ओएनयूच्या रिकाम्या पोर्टात लावली जाणे ही नेहमीची चूक होय. ओएनयू स्वतःही राउटरचे काम करत असल्याने उपनोडाला तेथून वेगळ्या जाळ्याचा पत्ता मिळतो व तो आपल्या मुख्य नोडाला तारेवर शोधू शकत नाही.

ओएनयू आणि मुख्य नोड हे दोघेही राउटर म्हणून चालत असतील तर पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. साध्या वापरात हे जाणवत नाही. खेळ, कॅमेरे व काही कार्यालयीन जोडण्यांत अडथळा येतो. दोघांनीही १९२.१६८.१ ने सुरू होणारी एकच पत्तामालिका धरली असेल तर मात्र इंटरनेट थांबूही शकते. यावर पुरवठादाराकडून ओएनयू ब्रिज पद्धतीवर करून घेणे किंवा मेश संच ॲक्सेस पॉइंट पद्धतीवर ठेवणे, असे दोन उपाय आहेत. दुसऱ्या उपायात पालक-नियंत्रणासारख्या काही सोयी सहसा बंद होतात.

नवा उपनोड प्रथम मुख्य नोडाजवळ ठेवून बिनतारी पद्धतीने संचात सामील करावा व नंतर केबल लावावी, अशी सूचना अनेक उत्पादक देतात. काही नोडांवर केबल ठरावीक पोर्टातच लावावी लागते.

फेरा

दोन स्विचांमध्ये चुकून दोन केबल लागल्या, किंवा उपनोडाने तार व बिनतारी हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवले, तर जाळ्यात फेरा तयार होतो. सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश त्यात अखंड फिरत व वाढत राहतो. स्विचवरील सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकणे आणि घरभर इंटरनेट बंद पडणे, ही त्याची खूण. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये रचलेली स्पॅनिंग ट्री ही रीत असे फेरे शोधून एक मार्ग बंद ठेवते. पण घरगुती स्वस्त स्विचांत ती बहुधा नसते. ईझीमेशवर आधारलेले संच तारेवर एकमेकांना ओळखण्यासाठी आयईईई १९०५.१ या मानकातील संदेश वापरतात. काही स्विच हे संदेश पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे नोडाला तार दिसत नाही. स्विच वगळून केबल थेट मुख्य नोडाला लावल्यास याची शहानिशा पाच मिनिटांत होते.

वीज

ग्रामीण भागात शेतीच्या व गावठाणाच्या वीजवाहिन्या स्वतंत्र असतात आणि शेतीचा थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीने येतो. वस्तीवरील उपकरणांना त्यामुळे वरचेवर बंद-चालू सोसावे लागते. मुख्य नोड इन्व्हर्टरवर व मधला स्विच साध्या प्लगवर असेल तर वीज जाताच तारेचा दुवा तुटतो. वीज परतल्यावर सर्व उपकरणे एकदम सुरू होतात; उपनोड मुख्य नोडाच्या आधी जागा झाला तर तो बिनतारी दुव्यावरच अडकून राहू शकतो. अशा वेळी ओएनयू, मुख्य नोड, स्विच व उपनोड या क्रमाने, मध्ये दोन-दोन मिनिटे सोडून, उपकरणे पुन्हा सुरू करावीत. ओएनयू, मुख्य नोड आणि स्विच हे तिन्ही एकाच इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेणे हा कायमचा उपाय.

दोन इमारतींमधील केबल

तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे. घर ते विहिरीवरची खोली हे अंतर पुष्कळदा त्याहून जास्त भरते व जोडणी कधी लागते, कधी लागत नाही. पण अंतर कमी असतानाही दोन सुट्या बांधकामांमध्ये तांब्याची केबल ओढणे योग्य नाही. दोन्ही ठिकाणचे अर्थिंग वेगळे असते. शिवाय एप्रिल-मेमधील वळीव व परतीच्या पावसात जवळपास वीज पडली, तरी उघड्यावरील लांब तारेत मोठा दाब उत्पन्न होतो. इथरनेट पोर्टांचे विद्युत विलगीकरण १५०० व्होल्टच्या कसोटीचे असते. विजेपुढे ते टिकत नाही. पोर्ट जळतात, कधी नोडामागून ओएनयू व संगणकही जातो, आणि जवळ असलेल्या माणसालाही धोका संभवतो. वादळाची चिन्हे दिसताच अशी केबल दोन्ही टोकांना काढून ठेवावी, पण मेघगर्जना सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

येथे ऑप्टिकल फायबर व दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर हाच योग्य मार्ग आहे. काच वीजवाहक नसल्याने अर्थिंगचा व विजेचा प्रश्न उरत नाही आणि १०० मीटरची अटही राहत नाही. घरोघरी येणाऱ्या फायबर केबलला खांबावर ताणण्यासाठी सोबत एक पोलादी तार असते. ती इमारतीबाहेरच तोडून थांबवावी, उपकरणांपर्यंत आणू नये. फायबरचे जोड विशेष यंत्राने वितळवून करावे लागतात, म्हणून हे काम स्थानिक केबलचालकाच्या तंत्रज्ञाकडून करून घेतात, किंवा टोके आधीच बसवलेली मोजक्या लांबीची केबल विकत आणतात. ती पाइपातून ओढताना टोकाच्या जोडावर ताण न देता आवरणाला बांधलेल्या दोरीने ओढावी व कोठेही काटकोनात वाकवू नये.