तीन दिवस पंप माझ्या कमरेला

साधा मिक्सर घ्यायचा असला तरी आपण चार दुकानं फिरतो, जावेला विचारतो, शेजारणीचा कसा चाललाय ते बघून येतो. मग लेकीच्या अंगाला रात्रंदिवस लावून ठेवायचं आणि तिचा जीव ज्यावर अवलंबून आहे असं यंत्र घ्यायचं, तर विचारायचं कोणाला? आमच्या गावात इन्सुलिन पंप वापरणारी माझी लेक एकटीच. ती पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला.

आठव्या वर्षी तिला टाइप १ मधुमेह झाला. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, ‘‘चॉकलेटं फार दिलीत पोरीला.’’ तसं नसतं हो. शरीराचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात ना पोरीची चूक असते ना आईची. इन्सुलिन मात्र आयुष्यभर बाहेरून द्यावं लागतं. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये पहिल्यांदा ज्याला ते टोचलं, तो लिओनार्ड थॉम्प्सन चौदा वर्षांचा होता, म्हणजे माझ्या लेकीहून एका वर्षाने लहान. हे वाचलं तेव्हा त्याच्या आईचाच विचार बराच वेळ मनात येत राहिला.

पहिला पंप घेतला तेव्हा माझ्या पाटल्या गेल्या. चार वर्षांची वॉरंटी संपली आणि पंप कुरकुरायला लागला. जूनमध्ये एका रात्री तो बंदच पडला. आम्ही गाढ झोपेत होतो. पहाटे ती उठली ती उलट्या करतच. साखर चारशेच्या वर, लघवीत कीटोन. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, ते थेंबथेंब जात राहतं. नळी तुटली, सुई वाकली किंवा पंप थांबला, की काही तासांतच अंगात इन्सुलिन उरत नाही. डॉक्टरांना फोन करून पेनाने इन्सुलिन दिलं आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. दुपारपर्यंत सलाइनच्या बाटलीकडे बघत बसले होते. म्हणून सांगते, पंप कितीही भारी असो, पेन आणि लांब पल्ल्याचं इन्सुलिन घरात हवंच. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत ते माठात, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात असतं.

आता नवा पंप कोणता घ्यायचा? माझं मन पहिल्या दिवशीच ठरलं होतं. सेन्सरशी बोलणारा, स्वतःच इन्सुलिन कमीजास्त करणारा पंप हवा. मिनीमेड ७८०जी असं त्याचं नाव. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर कळवतो आणि त्याप्रमाणे पंप हिशेब बदलतो. रात्री दोनचा गजर लावून लेकीचं बोट टोचायची सात वर्षांची सवय सुटणार, याच आनंदात मी होते.

लेकीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी केली होती. तिला नळीच नको होती. अमेरिकेतल्या मामाने सांगितलेला ऑम्निपॉड हवा होता. तो थेट त्वचेवर चिकटतो, इन्सुलिन त्यातच भरलेलं, तीन दिवसांनी काढून टाकायचा. ‘‘आई, तुला काय माहीत! दाराच्या कडीत नळी अडकते तेव्हा कसं होतं! मुली विचारतात, हा मोबाइल आहे का म्हणून.’’

मी म्हटलं, एवढ्याशा नळीचं काय घेऊन बसलीस?

नेमकं हेच कंपनीच्या माणसाने ऐकलं. दाखवायला आणलेला पंप त्याने पुढे केला आणि म्हणाला, ‘‘ताई, इन्सुलिनऐवजी नुसतं सलाइन भरून देतो. तीन दिवस तुम्हीच लावून बघा.’’ लेक टाळ्या पिटायचीच बाकी होती.

पहिल्या दिवशी पोळ्या लाटताना ओट्याची कड नेमकी सुईच्या जागी लागली. साडीत पंप अडकवायचा कुठे? निऱ्यांत खोचला तर बसताना टोचतो, पदराखाली लावला तर ब्लाउज फुगतो. रात्री कुशीवर वळले तर पंप पाठीखाली. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाली म्हणाली, ‘‘वहिनी, तुमच्या पोटाला काय चिकटवलंय?’’ मी काहीतरी सांगून सटकले. घरी आल्यावर लक्षात आलं, लेक गेली चार वर्षं रोज असंच सटकतेय. तिसऱ्या दिवशी कडीत नळी अडकली. दुखलं. तिला मी काहीच सांगितलं नाही, पण तिने माझा चेहरा बघितला होता.

मग मात्र आम्ही दोघी एका बाजूने विचार करायला लागलो. पॉड छान, पण दर तीन दिवसांनी नवा लागणार, म्हणजे महिन्याला दहा. मामा पाठवणार, कुरिअर अडकलं तर? डॉक्टरांनी विचारलं, ‘‘रविवारी रात्री पॉड सुटून आला आणि घरात दुसरा नसला, तर कोणाचं दार ठोठावणार?’’ शिवाय एका पॉडमध्ये जास्तीत जास्त दोनशे युनिट मावतात. वयात येताना संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढते. पाळीच्या आधीच्या दिवसांत तर हिची साखर उतरतच नाही. दोनशे युनिट तीन दिवस पुरतीलच असं नाही.

खरा निर्णय लावला तो दहावीच्या परीक्षेने. परीक्षेच्या खोलीत मोबाइल चालत नाही. पॉडला पडदा नसतो, आकडा बघायला वेगळं उपकरण किंवा फोन जवळ लागतो. नळीवाल्या पंपाच्या स्वतःच्याच पडद्यावर साखर दिसते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी मुख्याध्यापिकांना भेटले, पंप दाखवला. लेकीने वहीतलं पॉडचं नाव खोडलं, पण खुशीने नव्हे.

पैशाचंही सांगते, कारण बायका तेच आधी विचारतात आणि बरोबरच विचारतात. पंपाची किंमत लाखांत असते, पण ती एकदाच. दर दोनतीन दिवसांनी बदलायचा सुईचा सेट, इन्सुलिनची नळकांडी, सातव्या दिवशी नवा सेन्सर, हे कायमचं. आधी महिन्याचा खर्च मांडा, मग किंमत विचारा. ह्यांनी वर्षाचा हिशेब केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. घराच्या वरच्या मजल्याचं काम पुढे ढकललं. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी मन खाऊ नये. डॉक्टर आम्हाला स्पष्ट म्हणाले होते, की पेनाने दिवसाला चार वेळा इन्सुलिन घेऊन, नीट मोजून खाणारी मुलंही छान वाढतात. आणि पंप घेतला तरी मोजणं चुकत नाही. पानात दोन पोळ्या आहेत की पुरणपोळी, हे पंपाला कुठून कळणार? जेवायच्या आधी ते आकडे लेकीनेच भरायचे.

शेवटचं भांडण झालं ते माझ्या फोनवरून. या पंपाचे आकडे घरच्यांच्या फोनवरही दिसतात. मला ते हवंच होतं. लेक म्हणाली, ‘‘म्हणजे मी वडापाव खाल्ला की तुझा शाळेत फोन! मग मला पंपच नको, पेन दे.’’ दोन दिवस घरात अबोला. मी म्हणायची, तुझ्या काळजीपोटीच ना? ती म्हणायची, काळजी तुझी, पण शरीर माझं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे ऐकताना राग आला, खोटं कशाला सांगू. पण जूनमधली ती पहाट मला विसरता येत नव्हती, आणि पोटाला चिकटवलेले ते तीन दिवसही.

शेवटी करार झाला. साखर सत्तरच्या खाली गेली तरच माझा फोन वाजेल. एरवी मी उघडून बघायचं नाही. वरचे आकडे रविवारी दोघींनी मिळून बघायचे, तेही तिने दाखवले तर. बदल्यात पेन आणि ग्लुकोजची पुडी दप्तरात कायम राहील. मी तिच्या सलवारींना आतून खिसे शिवले, नळी बाहेर येऊ नये म्हणून बारीक काजं केली.

नव्या पंपाची पहिली रात्र. दोन वाजता गजर नसतानाही जाग आली. फोन उशाशी होता, हात लावला नाही. चोरपावलांनी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

आतून आवाज आला, ‘‘आई, एकशेअठरा आहे. झोप आता.’’